आपल्या तालुक्याची बेरोजगारी मोजायची कशी, आणि मोजून मागायचं काय

सोलापुरात बेरोजगारीचा विषय निघाला की तो दोन वाक्यांत आटोपतो. "गिरण्या गेल्या" आणि "पोरं पुण्याला गेली." दोन्ही खरं आहे. पण पालकमंत्र्यांना निवेदन द्यायचं असेल, ग्रामसभेत ठराव मांडायचा असेल, तर एवढ्यावर भागत नाही. समोरचा "रोजगार मेळावा घेऊ" म्हणतो, निवेदन हातात धरून फोटो काढतो आणि मोकळा होतो. मेळाव्यात पुण्या-चाकणच्या कंपन्या येतात. म्हणजे पोरांना पुण्याला पाठवायची सोय आपणच मागून घेतलेली असते.

मी काही वर्षं कंत्राटावर सर्वेक्षणांचं फील्डवर्क केलं. गळ्यात ओळखपत्र, हातात टॅब, आणि दारोदार तेच तेच प्रश्न. आता होटगी रस्त्याला अभ्यासिका चालवते. तिथे पोलीस भरतीची पोरं येतात, एमपीएससीच्या मुली येतात, अधूनमधून एखादा ग्रामपंचायत सदस्यही येतो आणि विचारतो, "मॅडम, आमच्या तालुक्याचा बेकारीचा आकडा कुठं मिळेल?" त्या सगळ्यांना तुकड्यातुकड्यांत सांगत आले, ते इथे एकत्र लिहिते.

आधी सरकारी आकडा वाचायला शिका

देशातल्या बेरोजगारीचा अधिकृत आकडा पीएलएफएस (पिरिऑडिक लेबर फोर्स सर्व्हे) नावाच्या सरकारी सर्वेक्षणातून येतो. २०१७-१८ पासून तो चालू आहे. त्या पहिल्या वर्षी देशाचा दर ६.१ टक्के निघाला, २०२३-२४ ला ३.२ टक्के. महाराष्ट्राचा त्या वर्षी ३.३. आता गंमत बघा. त्याच वर्षी केरळचा दर ७.२ टक्के, बिहारचा ३ टक्के आणि मध्य प्रदेशचा अवघा १ टक्का. म्हणजे कामासाठी केरळातल्या लोकांनी मध्य प्रदेशात जायला हवं होतं. प्रत्यक्षात गाड्या भरून लोक उलट्या दिशेने जातात.

याचं कारण व्याख्येत आहे. वर्षाच्या हिशोबात तीस दिवस काम केलं तरी माणूस दुय्यम कामगार म्हणून मोजला जातो. आठवड्याच्या हिशोबात मागच्या सात दिवसांत एका दिवशी एक तास काम केलं असेल तरी तो रोजगारात. घरच्या शेतात किंवा दुकानात बिनपगारी मदत करणारी सूनही रोजगारात. व्याख्या चुकीची आहे असं मी म्हणत नाही, जगभर साधारण अशीच मोजतात. पण बेकार म्हणून मोजलं जायचं तर माणसाला हातावर हात ठेवून काम शोधत बसणं परवडलं पाहिजे. ज्याच्या घरात संध्याकाळची भाकरी आजच्या मजुरीवर आहे, तो मिळेल ते करतो आणि आकड्यातून बाहेर पडतो. शिकलेला, घरून थोडा आधार असलेला मुलगा दोन-तीन वर्षं वाट बघतो आणि आकड्यात येतो. त्यामुळे कमी दर दिसला की "आमच्याकडे प्रश्नच नाही" असं कुणी म्हणालं, तर त्याला मध्य प्रदेशचा आकडा दाखवायचा.

तालुक्याचा आकडा या सर्वेक्षणातून मिळत नाही. जिल्ह्याजिल्ह्यातून नमुना घेतात, पण निकाल देशाचे आणि राज्यांचे लागतात. "सोलापूर जिल्ह्यात अमुक टक्के बेरोजगारी" असं कुणी ठोकून दिलं तर आकडा कुठून आणला एवढं विचारा. बहुतेक वेळा तो रोजगार कार्यालयातल्या नोंदणीचा निघतो. नोंदणी म्हणजे बेरोजगारी नव्हे. नोकरी लागल्यावर नाव काढायला कोण जातो?

मग तालुक्याचं काय वापरायचं

तीन गोष्टी हाताशी असतात. पहिली जनगणना. २०११ ची जुनी आहे हे मान्य, पण सगळ्या कामगारांची गावनिहाय मोजणी दुसरीकडे कुठे मिळत नाही. त्यात मुख्य कामगार आणि सीमांत कामगार असे दोन रकाने असतात. वर्षातून सहा महिन्यांपेक्षा कमी काम मिळालं तो सीमांत. तुमच्या गावात एकूण कामगारांत सीमांत किती ते काढा आणि शेजारच्या कालव्याच्या गावाशी ताडून बघा. माळशिरस किंवा पंढरपूर तालुक्यातलं उजनीच्या पाण्यावरचं गाव घ्या आणि मंगळवेढ्याच्या दक्षिणेकडचं कोरडवाहू गाव घ्या. जिल्हा एकच, पालकमंत्री एकच, पण दोन वेगळे प्रश्न दिसतील.

दुसरी गोष्ट रोजगार हमीची मनुष्यदिवसांची नोंद. ती गावनिहाय आणि महिनावार ऑनलाइन बघता येते. कुठल्या महिन्यात मागणी चढते ते पाहा. ज्वारीची काढणी उरकल्यापासून मृगाचा पाऊस पडेपर्यंत आपल्या कोरडवाहू पट्ट्यात शेतात काम नसतं. त्या महिन्यांत तुमच्या गावात मागणी शून्य दिसत असेल, तर दोनच शक्यता. एक तर लोक आधीच बाहेर गेलेत, नाही तर मागणी कागदावर घेतलीच जात नाही.

तिसरी गोष्ट तुम्ही स्वतः करायची, आणि खरा माल तिथेच मिळतो.

चाळीस घरं फिरा

चाळीसच का, तर दोघांना एका आठवड्यात जमतात आणि कागदावर मांडल्यावर कुणी हसत नाही. घरं निवडताना ओळखीची निवडू नका. एका टोकापासून सुरू करून दर पाचवं घर घ्या. वस्त्या सोडू नका, कारण गावातले सर्वांत कमी मोजले जाणारे लोक वस्तीवरच राहतात. शहरात असाल तर गल्लीच्या तोंडाची पक्की घरं तेवढी करून परत फिरू नका. वेळ संध्याकाळी सातनंतरची. दुपारी गेलात तर घरी सापडतात ते म्हातारे आणि लहान पोरं, आणि मग तुमच्या कागदावर अख्खं गाव बेकार निघतं.

आता प्रश्न. "काम करता का?" हा प्रश्न कधीही पहिला विचारू नका. सोलापूरच्या पूर्वभागातल्या एका घरात मी तो विचारला होता. बाई उंबऱ्याच्या आत भिंतीला टेकून बसलेली, मांडीवर सूप, सुपात तंबाखू आणि ओलसर पानांची चळत. कात्री पत्र्याच्या मापावरून पानात सरसर फिरत होती. पान कापून झालं की चिमूटभर तंबाखू, एक वळण, दोऱ्याचा वेढा, नखाने तोंड दुमडलं की विडी तयार. हात क्षणभर न थांबता तिने मला उत्तर दिलं, "काम कुठलं ओ मॅडम, घरीच असते की मी."

तिच्या लेखी काम म्हणजे घराबाहेर जाऊन करतात ते. मग मी विचारलं, "अक्का, काल सकाळी उठल्यापासून काय काय केलं?" तेव्हा सगळं निघालं. पानं भिजवली, कापली, विड्या वळल्या, दुपारी विडी कंपनीच्या ब्रँचवर नेऊन दिल्या, तपासणीत थोड्या छाटल्या गेल्या, त्याचे पैसे नाहीत. आणि आठवड्यात पान-तंबाखू मिळतं किती दिवस? "कधी तीन दिवस, कधी चार. देतील तसं." सर्वेक्षणाच्या नियमाने बाई रोजगारात, आणि ते बरोबरच. पण आठवड्यातले तीन-चार दिवस तिला काम हवं असून मिळत नाही, आणि बेरोजगारीच्या दरात हे कुठेच उमटत नाही. सोलापुरात अशा हजारो बायका आहेत.

म्हणून पहिला प्रश्न कालच्या दिवसाचा ठेवा. दुसरा वर्षाचा, पण महिन्यांची नावं घेऊन नको. "फेब्रुवारीत काम होतं का?" असं विचारलं तर माणूस गोंधळतो. "गड्ड्यानंतर काम होतं का? आषाढीला? दिवाळीच्या आधी?" असं विचारा, चटकन सांगतात. (गड्डा म्हणजे सोलापूरची संक्रांतीची सिद्धेश्वर यात्रा.) तिसरा, "या घरातलं कोण बाहेरगावी आहे, काय करतं, पैसे पाठवतं का?" हा प्रश्न लोक विसरतात आणि मग गाव सुखात असल्याचा भास होतो. चौथा प्रश्न माझा सर्वांत लाडका. "गेल्या वर्षात मिळत असलेलं कुठलं काम घेतलं नाही, आणि का?"

या चौथ्याची उत्तरं शब्दशः लिहून घ्या, आपल्या भाषेत घोटून नको. चिंचोली एमआयडीसीत काम होतं, पण बारा तासांची पाळी आणि रात्री परतायला गाडी नाही. गारमेंटमध्ये बसवत होते, पण पहिले तीन महिने शिकाऊ म्हणून जे देतात त्यात रिक्षाभाडंही निघत नाही. मागावर जायचं म्हणजे उचल घ्यायची, आणि उचल फिटेपर्यंत मालक बदलता येत नाही. बँकेच्या कर्जाचं बघितलं, पण जामीनदार मिळाला नाही. या एकेका वाक्यात एकेक योजना दडलेली आहे. मंत्रालयात बसून ती कुणाला सुचणार नाही.

शिकलेल्या पोरांची गोष्ट वेगळी धरा. माझ्या अभ्यासिकेतला मुलगा काम शोधणारा म्हणून मोजला जाईल की शिकणारा म्हणून, हे तो दारात आलेल्या बाईला काय उत्तर देतो त्यावर ठरतं. त्याला विचारायचं ते हे, की अजून किती वर्षं देणार आणि नाही झालं तर काय. दुसऱ्या प्रश्नावर बहुतेक जण गप्प होतात. ते गप्प होणंही कागदावर लिहा.

रोग कुठला ते ठरवा

चाळीस घरांचे कागद समोर मांडले की ढीग आपोआप पडतात. एक ढीग असतो ज्यांना ठरावीक महिन्यांत कामच नाही. दुसरा, काम आहे पण मजुरी किंवा दिवस पुरत नाहीत. तिसरा, काम आहे, माणूसही आहे, पण मध्ये अंतर, गाडी, मूल, कौशल्य यांपैकी काहीतरी आडवं येतं. चौथा, सरकारी नोकरीच्या रांगेत थांबलेले. पाचवा ढीग फक्त तिसऱ्या प्रश्नाच्या उत्तरांत दिसतो, कारण ती माणसं गावातच नसतात.

प्रत्येक ढिगाला वेगळं औषध लागतं. आपल्याकडे मात्र सगळ्यांना एकच गोळी मिळते, प्रशिक्षण. विडी वळणाऱ्या बाईला ब्युटी पार्लर, कोरडवाहू मजुराला मोबाइल दुरुस्ती, बी.ए. झालेल्याला टॅली. प्रशिक्षण वाईट नाही. पण काम नसलेल्या ठिकाणी प्रशिक्षण दिलं की शिकलेला बेकार तयार होतो, एवढाच फरक.

धोरण काय करू शकतं: कामाला माणसाकडे आणायचं की माणसाला कामाकडे न्यायचं

पाचव्या ढिगापासून सुरुवात करते, कारण अर्थशास्त्रज्ञांचं सगळ्यात जुनं भांडण तिथलंच. अमेरिकेतल्या राज्यांवर ब्लँचार्ड आणि कॅट्झ या दोघांनी १९९२ साली एक अभ्यास मांडला. एखाद्या राज्यातले रोजगार बुडाले की काही वर्षांत तिथला बेकारीचा दर पुन्हा इतरांसारखा होतो. पण तिथे नवे कारखाने आले म्हणून नव्हे, माणसं निघून गेली म्हणून. दर बरा झाला, गेलेले रोजगार परत आले नाहीत.

सोलापूरला हे वाचून शिकायची गरज नाही. गिरण्या एकेक करून बंद पडल्या तेव्हा काही कामगार यंत्रमागावर गेले, कुणी रिक्षा घेतली, आणि त्यांची पोरं हडपसर, पिंपरी, चाकणला. रविवारी संध्याकाळी पुण्याकडे सुटणारी कुठलीही गाडी बघा. या जाण्याला मी वाईट म्हणणार नाही. घरची गच्ची, बहिणीचं लग्न, बापाचं ऑपरेशन त्याच पैशावर झालेलं असतं. पण जातो तो शिकलेला, धडधाकट. मागे उरतात म्हातारी माणसं आणि ज्यांना जाणं जमत नाही अशा बायका, आणि गावातलं गिऱ्हाईकही त्याच्याबरोबर जातं. म्हणून "जाऊ द्या की पुण्याला, देश एकच आहे" हे धोरण म्हणून अपुरं आहे.

मग कारखाना इकडे आणायचा. महाराष्ट्रात त्याचा ठरलेला मार्ग म्हणजे सामूहिक प्रोत्साहन योजना. ती १९६४ पासून आहे. तालुक्यांचे अ, ब, क, ड, ड+ असे गट, आणि जेवढा तालुका मागास तेवढी सवलत जास्त. तुमचा तालुका कुठल्या गटात आहे हे जिल्हा उद्योग केंद्रात विचारून घ्या. ते माहीत नसताना "उद्योग आणा" म्हणणं हा नुसता आवाज होतो.

आता सोलापूरचं दुखणं. विभागणीत आपण पडतो "उर्वरित महाराष्ट्रात". म्हणजे मुंबई, पुणे, कोल्हापूर यांच्या पंगतीत. प्रादेशिक अनुशेष, म्हणजे विकासात मागे राहिलेल्या भागांची तूट, मोजायला १९८३ ला वि. म. दांडेकर समिती नेमली गेली. तिने १९८४ ला राज्याचा अनुशेष ३,१८६ कोटी रुपये काढला. १९९४ ला विदर्भ, मराठवाडा आणि उर्वरित महाराष्ट्र अशी तीन विकास मंडळं झाली, त्यांची मुदत ३० एप्रिल २०२० ला संपली. उर्वरित महाराष्ट्राची सरासरी काढली की त्यात मुंबई-पुण्याची श्रीमंती आली, आणि सांगोला, करमाळा त्या सरासरीखाली गडप झाले. विदर्भ-मराठवाड्याला मिळतं त्याचा मला हेवा नाही, त्यांचा अनुशेष खरा आहे. माझं म्हणणं एवढंच की मोजायचं माप तालुका असावं. विजय केळकर समितीने २०१३ च्या अहवालात तालुक्याच्या पातळीवर बघण्याचा आग्रह धरला होता. निवेदनात त्याचा उल्लेख जरूर करा, कारण ते सरकारनेच नेमलेल्या समितीचं म्हणणं आहे.

रेघ ओढली की काय होतं ते बघायचं असेल तर तुळजापूर रस्त्याने निघा. थोड्याच वेळात तामलवाडी लागते. तिथे कारखाने दिसतील. ती धाराशिव जिल्ह्यात, म्हणजे मराठवाड्यात. २०१६ पासून उद्योगांना वीजदरात सवलत मिळाली ती विदर्भ, मराठवाडा, उत्तर महाराष्ट्र आणि ड, ड+ तालुक्यांना. कारखानदाराला बंदर तेवढंच लांब, बाजार तोच, कामगारही आसपासचेच. विजेचं बिल मात्र रेघेच्या कुठल्या बाजूला आहात त्यावर. सवलतीने रोजगार निर्माण होतो की नुसता सरकतो, हा प्रश्न इथे डोळ्यांनी दिसतो. केंद्राने २००३ ला हिमाचल आणि उत्तराखंडला करसवलती दिल्या तेव्हा बद्दी, हरिद्वार, पंतनगरला कारखाने उभे राहिले, आणि शेजारच्या पंजाबने आमचे उद्योग पळाले म्हणून ओरड केली. दोन्ही गोष्टी खऱ्या.

त्यामुळे "आम्हालाही सवलत द्या" एवढंच मागू नका. अट मागा. किती कोटींच्या गुंतवणुकीमागे किती नोकऱ्या आणि त्यातल्या कायम किती, हे विचारा. प्रोत्साहन घेणाऱ्या उद्योगात ८० टक्के कामगार स्थानिक असावेत असा नियम आहेच, पण त्यात स्थानिक म्हणजे १५ वर्षं महाराष्ट्रात राहिलेला. म्हणजे जिल्ह्याबाहेरून, नांदेडहून आणि नागपूरहून भरलेला कामगारही स्थानिक. हे माहीत असलं की सभेत कुणी ८० टक्के फेकले तर पुढचा प्रश्न विचारता येतो.

मोठा एकच प्रकल्प आणला की भागात रोजगार फुटेल या आशेवर मी फारशी नाही. इटलीने १९५० पासून दक्षिणेकडच्या भागासाठी वेगळा निधी उभारून अनेक दशकं पैसा ओतला, पोलाद आणि रसायनांचे अजस्र कारखाने उभे केले. उत्तर-दक्षिण दरी आजही आहे. त्या कारखान्यांना तिथले लोक "वाळवंटातली कॅथेड्रलं" म्हणायचे, कारण भोवती छोटे धंदे उगवलेच नाहीत. आपल्याकडे भोवतीचं आधीच आहे. टॉवेल-चादरीचे माग आहेत, शाळेच्या गणवेशांची शिलाई आहे, डाळिंब आहे, साखर कारखान्यांची तर रांग आहे. प्रश्न त्यांच्यातल्या कामाच्या दर्जाचा आहे.

माझ्या मते कमी पैशात जास्त काय होतं

तिसरा ढीग. गणवेशवाले म्हणतात कामगार मिळत नाही, मुली म्हणतात काम मिळत नाही, आणि दोघंही खोटं बोलत नाहीत. मध्ये एक बस आहे, एक पाळणाघर आहे आणि पहिल्या तीन महिन्यांचा पगार आहे. पाळीच्या वेळेला जाणारी-येणारी बस मागा. एमआयडीसीच्या दारात पाळणाघर मागा. शिकाऊ काळात सरकारने विद्यावेतन द्यायचं आणि ते कामावर टिकण्याशी जोडायचं, असं मागा. उद्घाटनाला यात काही नसतं, म्हणून कुणी पुढाकार घेत नाही. तेवढ्यासाठीच तर तुम्ही कागद घेऊन जायचं.

विद्यावेतनाचं एक उदाहरण ताजं आहे. २०२४ ला राज्याने युवा कार्यप्रशिक्षण योजना आणली. बारावीला महिना ६,०००, आयटीआय-पदविकेला ८,०००, पदवीधराला १०,००० रुपये. अनेकांना सरकारी कार्यालयांत बसवलं. मुदत संपली तेव्हा पुढे जागाच नव्हती, कारण ती कार्यालयं त्यांना कायम करणारच नव्हती. तोच पैसा जिथे पुढे खरोखर भरती होते अशा शेडमध्ये घातला असता तर निम्मी मुलं टिकली असती असं मला वाटतं. हा माझा अंदाज आहे, आकडा नव्हे.

दुसऱ्या ढिगाला, म्हणजे विडी आणि मागाला, नवी योजना लागत नाही. किमान वेतनाची अंमलबजावणी, कामगार कार्ड, भविष्यनिर्वाह निधी हे सगळं कायद्यात आहे. पण याबाबत एक इशारा. विडीचा धंदा मुळातच आक्रसतोय. नुसती मजुरी वाढवून मागितली आणि दुसरं काम उभं केलं नाही, तर आठवड्याचे तीन दिवस दोनावर येतील. कुंभारीकडे कामगारांच्या घरांच्या मोठ्या वसाहती झाल्या. गोदूताई परुळेकर वसाहत आधीची, आणि रे नगरची पहिली १५,००० घरं जानेवारी २०२४ मध्ये दिली गेली. इतक्या कामकरी बायका एका जागी असताना शिलाईच्या शेड तिथेच चालत जाण्याच्या अंतरावर का नसाव्यात? ही मागणी करायला अर्थशास्त्र लागत नाही, नकाशा पुरतो.

पहिल्या ढिगाला रोजगार हमी. ही आपल्या राज्याची देणगी आहे. वि. स. पागे यांनी १९६५ ला तासगावच्या बाजूला प्रयोग केला, १९७७ ला कायदा झाला, १९७९ च्या प्रजासत्ताकदिनी तो लागू झाला. खर्च भागवायला शहरातल्या नोकरदारांवर व्यवसाय कर लावला. म्हणजे मुंबईच्या पगारातून करमाळ्याची मजुरी. प्रादेशिक धोरणाचं याहून सरळ उदाहरण मला माहीत नाही. दिल्लीने हीच कल्पना २००५ ला उचलली.

इथे एकच गोष्ट घोकून ठेवा. मागणी लेखी द्यायची आणि तारखेची पोच घ्यायची. तोंडी मागणीला काही अर्थ नाही. पोच असली की पंधरा दिवसांत काम द्यावं लागतं, नाही तर बेकारी भत्ता. पोच द्यायला टाळाटाळ का होते ते यावरून कळलं असेल. एकट्याने जाऊ नका, वीस जणांचे अर्ज एकदम द्या. आणि मार्चमध्ये काम हवं असेल तर कामांच्या आराखड्यावर आदल्या वर्षीच ग्रामसभेत बसा. शेल्फवर, म्हणजे आधी मंजूर करून ठेवलेल्या यादीत, कामच नसेल तर मागणी करून काय उपयोग?

चौथ्या ढिगाबद्दल माझ्याकडे थोडंच आहे. भरतीचं वेळापत्रक ठरलेलं असावं आणि पाळलं जावं, एवढं झालं तरी या पोरांची दोन-दोन वर्षं वाचतील. तालुका पातळीवर मागून हे मिळत नाही, त्यामुळे यात वेळ घालवू नका.

कागद कुणाच्या टेबलावर ठेवायचा

निवेदन दोन पानांचं करा. पहिल्या पानावर चाळीस घरांचा तक्ता, त्याखाली चौथ्या प्रश्नाची चार-पाच उत्तरं जशीच्या तशी, नावं गाळून. दुसऱ्या पानावर फक्त तीन मागण्या. दहा मागण्या केल्या की सर्वांत सोपी असते ती मान्य होते, आणि ती नेहमी मेळाव्याचीच असते.

प्रत्येक मागणीपुढे कार्यालय लिहा. सवलतीच्या गटाचं जिल्हा उद्योग केंद्राकडे, प्रशिक्षणाचं जिल्हा कौशल्य विकास केंद्राकडे, हमीच्या कामांचं तहसीलदार आणि पंचायत समितीकडे. पाळणाघर, शेड, बस यांसारख्या कुठल्याच चौकटीत न बसणाऱ्या गोष्टी जिल्हा नियोजन समितीकडे. तिचे अध्यक्ष पालकमंत्री असतात, पण कागद वाचतो तो जिल्हा नियोजन अधिकारी. त्याला आधी भेटा, चहाच्या वेळेला, गर्दी नसताना. नाविन्यपूर्ण योजनांसाठी निधी ठेवलेला असतो आणि त्यात काय बसतं हे त्याच्याइतकं कुणाला माहीत नसतं.

दोन प्रती न्या, एकीवर शिक्का आणि आवक क्रमांक घ्या. महिनाभरात उत्तर नाही आलं तर माहिती अधिकारात दहा रुपयांचा अर्ज टाका. "आमच्या निवेदनाचं काय झालं" असं मोघम विचारू नका. "आवक क्रमांक अमुक, तारीख अमुक, यावर झालेल्या कार्यवाहीच्या टिप्पणीची प्रत द्यावी" असं लिहा. तीस दिवसांत काहीतरी यावंच लागतं.

बहुतेक वेळा येतं ते "निधी उपलब्ध नाही." हे ऑगस्टमध्ये आलं तर फार मनावर घेऊ नका. वर्ष संपत आलं की जानेवारी-फेब्रुवारीत न खर्चलेल्या पैशांचं पुनर्विनियोजन होतं, आणि तेव्हा खात्यांना तयार प्रस्ताव हवे असतात. संक्रांतीच्या आसपास तोच कागद, नव्या तारखेने, अंदाजपत्रक जोडून, पुन्हा त्याच टेबलावर ठेवा.